नवी प्रजाती कशी ठरते?



अमक्या रानात फुलपाखराची नवी प्रजाती सापडली, अशी बातमी अधूनमधून आपल्या वाचनात येते. ती नवी आहे हे कोणी ठरवले आणि कशावरून, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाही. आज तो विचारावयाचा आहे.

प्रथम आपल्या अंगणातलेच उदाहरण घेऊ. गोडलिंबावर, लिंबावर, संत्र्यावर अंडी घालणारे एक काळे फुलपाखरू आहे. त्याचे इंग्रजी नाव कॉमन मॉर्मन; शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिटेस. नराच्या मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असते. मादी मात्र तीन रूपांत आढळते. एक नरासारखीच, दुसरी कॉमन रोझ या फुलपाखरासारखी, तिसरी क्रिमसन रोझसारखी. ही दोन्ही रोझ फुलपाखरे अळी असताना ईश्वरीच्या जातीचे विषारी वेल खातात, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेस जात नाहीत. त्यांचा वेष घेतला की मॉर्मनच्या मादीचाही बचाव होतो.

या वेषाने मोठमोठे पंडितही चकले. १७५८ साली लिनियसने याच फुलपाखराच्या दोन रूपांना दोन निराळी नावे दिली; पुढे तिसऱ्या रूपालाही वेगळे नाव मिळाले. ही सारी एकाच प्रजातीची रूपे आहेत, असे आल्फ्रेड वॉलेसने १८६५ मध्ये मांडले. फ्रायर या संशोधकाने सिलोनात ही फुलपाखरे पाळून, त्यांच्या पिढ्यांचा हिशेब ठेवून, १९१३ मध्ये त्यांची वंशावळ प्रसिद्ध केली. आणि २०१४ मध्ये आपले मराठी संशोधक कृष्णमेघ कुंटे व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले, की हा सारा वेषपालट ‘डबलसेक्स’ नावाच्या एकाच जनुकाच्या हाती आहे. म्हणजे रूपे तीन, पण प्रजाती एक!

आता याच्या उलट पाहा. अमेरिका खंडातील कोस्टारिका देशात निळ्या अंगाचे एक फुलपाखरू आहे, ॲस्ट्राप्टिस फुल्गरेटर. १७७५ पासून ते एकच प्रजाती म्हणून नोंदलेले होते. तेथील संशोधकांनी पंचवीस वर्षे रानातून अळ्या आणून वाढवल्या. फुलपाखरे जवळजवळ सारखी निघत. परंतु अळ्यांचे रंग निराळे, आणि त्या खात असलेली झाडेही निराळी. मग जनुकांची तपासणी झाली. फुलपाखराच्या पायाचा लहानसा तुकडा त्यास पुरतो. त्यातून सुमारे साडेसहाशे अक्षरांचा एक ठरावीक मजकूर वाचतात व इतरांच्या मजकुराशी ताडून पाहतात. २००४ मध्ये त्यांनी जाहीर केले, की ही एक नव्हे, दहा प्रजाती आहेत.

वाद येथे संपला नाही. २००६ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासकाने तोच पुरावा पुन्हा तपासला आणि दहा हा आकडा फुगलेला आहे, असे सांगितले. त्याचा आक्षेप रास्त होता. जनुकाचा एक तुकडा म्हणजे एक साक्षीदार. एकाच साक्षीवर निकाल देता येत नाही. पंखांवरची नक्षी, जननेंद्रियांची घडण, अळी, तिचे खाद्य आणि जनुके, या साऱ्यांची साक्ष जुळावी लागते. त्यानंतर नमुना संग्रहालयात ठेवावा लागतो आणि वर्णन छापून जगापुढे मांडावे लागते, म्हणजे कोणालाही ते खोडून काढता यावे. याच कुंटे यांनी २०१५ मध्ये अरुणाचल प्रदेशातील एक फुलपाखरू हायपोलायसीना नारद या नावाने असेच जगापुढे मांडले.

कोणी म्हणेल, एवढ्या खटाटोपाने पोटाला काय मिळते? माझे आयुष्य कामगारांत गेले, म्हणून मला याचे उत्तर ठाऊक आहे. ज्याचे नाव मस्टरवर नाही, त्याला अपघाताची भरपाई नाही आणि फंडही नाही. माणूस कामावर असतो, पण कागदावर नसतो. रानातल्या जिवाचेही तसेच आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याला अनुसूची जोडलेली आहे, आणि अनुसूचीत नावे असतात. ज्याला नाव नाही, त्याचे रक्षण कोणी व कोणत्या कलमाखाली करावे? सिंधुदुर्गात आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाजवळ एक लहानसा मासा आहे. २०२० मध्ये त्याला शिस्टुरा हिरण्यकेशी हे नाव मिळाले आणि २०२१ मध्ये राज्य शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. मासा तेथे पूर्वीपासूनच होता. पण नाव मिळाले तेव्हा सरकारला त्याची दखल घेता आली.

म्हणून माझे एवढेच सांगणे आहे: आपल्या गोडलिंबावर अळी दिसली तर ती चिरडण्यापूर्वी मुलांना बोलवा. ती कोणते पान खाते, रंग केव्हा पालटते, कोशातून काय निघते, हे तारीखवार वहीत लिहावयास सांगा. कोस्टारिकेतल्या त्या शोधाचा पाया असल्याच नोंदींचा होता. त्यास पदवी लागत नाही, धीर लागतो.