उमेदवारी परमुलखातली

‘उमेदवार’ म्हटलं की आज आपल्याला निवडणूक आठवते. जीपवरचे कर्णे, भिंतीवरची चिन्हं, हात जोडलेले फोटो. पण पूर्वी कचेरीत नोकरीच्या आशेवर बिनपगारी राबणाऱ्या पोराला उमेदवार म्हणत. कारकुनाच्या शेजारी बसायचं, नकला उतरवायच्या, काम शिकायचं. त्यालाच आता इंटर्नशिप म्हणतात. माझी भाची अशी उमेदवारी करून आली, आणि तीही थेट अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराच्या कचेरीत.

आमचं गाव पाटस. पुण्याहून सोलापूरला जाताना टोलनाक्यावर तुमची गाडी थांबते, ते. भाची सार्वजनिक प्रशासन शिकायला परदेशी निघाली तेव्हा शिष्यवृत्ती थोडी होती आणि कर्ज बरंच. गावातल्या एका म्हाताऱ्याने मला चावडीजवळ गाठून विचारलं, “शायर, एवढा पैसा घालून पोरगी सरकारी कचेरी बघायला चालली? ती तर इथंच आहे की.” प्रश्न खोटा नव्हता. माझे मेहुणे वारले त्याला तेव्हा तीन वर्षं होऊन गेली होती आणि बहिणीच्या नावाची वारसनोंद एका कार्यालयात अडकून पडली होती. आज साहेब नाहीत, उद्या कागद अपुरा, परवा नवे साहेब. कचेरी कशी असते हे भाचीला आईच्या चपलांवरूनच कळलं होतं.

जाताना मी तिला एकच पुस्तक दिलं. पंडिता रमाबाईंचं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. पाटसहून रेल्वेने पुण्याकडे निघालं की कडेठाणनंतर केडगाव येतं. तिथं रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. कॉलेजच्या दिवसांत मी त्या स्टेशनावरून रोज गेलो आहे, पण गाडीत कुणी या पुस्तकाचं नाव काढल्याचं आठवत नाही. मिशन सगळ्यांना माहीत, पुस्तक कुणाला नाही.

रमाबाई 1883 साली लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या, त्या विद्यार्थिनी म्हणून. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण कानांनी दगा दिला. ऐकू कमी येत होतं. मग चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकल्या आणि संस्कृत शिकवूही लागल्या. सरकारसमोर बोलायची मात्र त्यांना आधीपासून सवय होती. 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात असं ठणकावून सांगितलं होतं. वय अवघं चोवीस.

1886 च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला पोचल्या. आल्या होत्या समारंभाला, राहिल्या जवळजवळ तीन वर्षं. बालवाडी कशी चालवतात ते शिकल्या, शाळा आणि संस्था पाहिल्या, गावोगाव व्याख्यानं दिली. बॉस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी मदतमंडळ उभं राहिलं. आगगाडीने सारा देश ओलांडून त्या पॅसिफिकच्या किनाऱ्याला गेल्या आणि तिथून जपानमार्गे 1889 च्या सुरुवातीला मुंबईला परतल्या. त्याच वर्षी हे पुस्तक मराठीत छापून आलं. त्यात प्रवासातल्या गंमती आहेतच, पण राज्यव्यवस्थेवर वेगळं प्रकरण आहे. विचार करा, आपल्यावर राणीचं राज्य, काँग्रेसला उणीपुरी चार वर्षं झालेली, आणि एक बाई मराठी वाचकाला सांगते आहे की लोक आपला राज्यकर्ता स्वतः निवडतात तो देश कसा चालतो. पण ती भारावलेली नाही. काळ्या माणसांना तिथं कसं वागवतात, मूळ रहिवाशांचं काय केलं, हेही ती लिहिते. बाकी प्रवासवर्णनांत हे सहसा नसतं. आपली मंडळी परदेशात गेली की रस्त्यांची स्वच्छता मोजून परत येतात.

भाचीला उमेदवारी मिळाली ती शहराच्या कौन्सिलमधल्या एका सदस्याच्या कार्यालयात. सतरा सदस्यांचं हे कौन्सिल. आपल्या महापालिकेच्या सर्वसाधारण सभेसारखं. ते ज्या सिटी हॉलमध्ये बसतं त्याचं बांधकाम 1871 ला सुरू झालं आणि 1901 ला संपलं. म्हणजे रमाबाईंनी ते अर्धवट पाहिलं असणार. माथ्यावर विल्यम पेनचा 37 फुटी पुतळा आहे, तो 1894 साली चढवला. भाचीने मला फोनवर पुतळा दाखवला आणि म्हणाली, “मामू, पुतळा वर आहे, मी खाली कचऱ्याच्या तक्रारी लिहून घेतेय.”

खरंच तेच काम. कचरा उचलला नाही, दिवा बंद आहे, शेजारचं रिकामं घर पडायला आलंय. लोक 311 या नंबरवर फोन करतात, तक्रारीला क्रमांक मिळतो, आणि तेवढ्याने भागलं नाही की सदस्याच्या कार्यालयात येतात. म्हणजे तिथंही भागत नाही, हे ऐकून मला जरा बरं वाटलं. एक म्हातारी काळी बाई दर आठवड्याला फोन करायची. तिला घराच्या मालकीचा कागद नवऱ्याच्या नावावरून आपल्या नावावर हवा होता. भाची सांगत होती, “मामू, आवाज वेगळा, पण बोलणं अम्मीचंच.” त्या बाईचा क्रमांक तिला पाठ झाला होता. क्रमांकामुळे काम लगेच होत नाही, पण तुमचा कागद आलाच नाही असं कुणाला म्हणता येत नाही, एवढं ती शिकली.

सुट्टीच्या दिवशी भटकंती. तडा गेलेली लिबर्टी बेल पाहिली. तिच्या शेजारीच अध्यक्ष वॉशिंग्टन यांचं घर होतं, आणि त्या घरात त्यांनी नऊ गुलाम ठेवले होते. स्वातंत्र्याची घंटा आणि गुलामांची खोली एकाच गल्लीत. भाचीने लिहिलं, रमाबाईंचं पुस्तक सोबत नसतं तर मी घंटेचा फोटो काढून पुढे गेले असते. एकदा न्यूयॉर्कला जाऊन हडसन नदीच्या काठाकाठाने रेल्वेने पोकिप्सीला पोचली. तिथल्या स्मशानभूमीत आनंदीबाईंच्या अस्थी आहेत. 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यात त्या गेल्या, जेमतेम एकवीस वर्षांच्या, आणि त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत विसावल्या. तिथं उभी राहून पोरीने आईला फोन लावला. दोघी काय बोलल्या मला माहीत नाही. बहिणीने त्या रात्री एवढंच विचारलं, “भाईजान, ही परत येईल ना?”

कार्यालयातल्या लोकांना भाचीने आपली ग्रामसभा समजावून सांगितली. गावातला प्रत्येक मतदार तिचा सदस्य असतो, निवडून यावं लागत नाही, हे ऐकून ते चकित झाले. कौन्सिलच्या बैठकीत तिथल्या माणसाला मोजकी मिनिटं बोलायला मिळतात. आमच्या ग्रामसभेत कायद्याने तो बसलेलाच असतो. प्रत्यक्षात किती जण येतात, हा प्रश्न तिला कुणी विचारला नाही. विचारला असता तर तिने खरं सांगितलं असतं, मी ओळखतो तिला.

ती परत आली. रमाबाई परतल्या तेव्हा आधी मुंबईत शारदा सदन निघालं, मग ते पुण्याला आलं, आणि पुढे दुष्काळात आणलेल्या मुलींसाठी केडगावच्या माळावर विहिरी, शेती, छापखाना उभा राहिला. तिथल्या मुली खिळे जुळवून पुस्तकं छापायच्या. भाचीच्या हातून असं काही होईल की नाही, ते मी इथं बसून सांगणार नाही. मोठ्या माणसांच्या मापाचा कपडा पोरांना घालू नये. तिने आल्या आल्या केलं ते छोटं काम सांगतो. माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिला, 2005 च्या कायद्याचा, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. विचारलं एवढंच: माझ्या आईच्या अर्जावर कोणत्या तारखेला कुणी काय केलं? अर्ज घेणाऱ्या बाबूने चष्म्यावरून पाहिलं. पोच हवी म्हटल्यावर शिक्का शोधायला त्याला दहा मिनिटं लागली. ही बसून राहिली.

पोच मिळाली. तिच्यावर आवक क्रमांक आहे आणि तारीख आहे. बहिणीने ती कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे. उत्तराला कायद्याने तीस दिवसांची मुदत असते. आज एकविसावा दिवस.