बुजलेल्या विहिरी शोधताना

(मंडळाच्या गणेशोत्सवात इंदूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



मी भूगोलाचा निवृत्त शिक्षक. संगणकाशी माझी ओळख साठीनंतरची. तरीही आज नकाशाविषयी बोलायला उभा आहे, त्याला कारण आहे.

30 मार्च 2023, रामनवमीचा दिवस आपल्यापैकी कोणीच विसरलेले नाही. आपल्याच शहरात एका मंदिरात बावडीवर घातलेला स्लॅब कोसळला आणि 36 माणसे गेली. वर उभ्या असलेल्यांपैकी किती जणांना पायाखाली बावडी आहे हे ठाऊक होते? त्या रात्री मला आमच्या जुन्या वाड्यातली विहीर आठवली. तिच्यावर आता फरशी आहे आणि फरशीवर स्कूटर उभ्या असतात. ती तिथे आहे हे माझ्या मुलांना माहीत नाही.

जुनी इंदूर, रामबाग, नारायणबाग इथल्या वाड्यांत विहीर असायचीच. नळ आले, विहिरी झाकल्या, वाडे पडून इमारती झाल्या. त्या विहिरी कुठे होत्या हे फक्त आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. म्हणून भाच्याकडून मी क्यूजीआयएस शिकलो. हा नकाशे करण्याचा कार्यक्रम फुकट मिळतो. त्याचा मूळ कोड सर्वांना खुला आहे आणि 2002 पासून जगभरातली माणसे मिळून तो वाढवत आली आहेत. घरच्या साध्या संगणकावर चालतो. त्यात ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा खाली पसरायचा आणि वर आपले ठिपके द्यायचे, इतकी सोपी सुरुवात.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. एक आजी म्हणाल्या, "ओट्यापासून वीस पावलांवर विहीर होती." त्यांचे पाऊल मोजले, साठ सेंटिमीटर भरले, म्हणजे अंतर बारा मीटर. संगणकाला ओट्याभोवती 12 चे वर्तुळ काढायला सांगितले, तर वर्तुळात श्रीनगरही आले आणि चेन्नईही! कारण नकाशा अक्षांश-रेखांशात होता, त्यामुळे संगणकाने बारा मीटरऐवजी बारा अंश घेतले. मीटरमध्ये मोजायचे तर नकाशा यूटीएम पद्धतीत घ्यावा लागतो. इंदूरसाठी त्यातला 43 उत्तर हा पट्टा, संगणकाच्या यादीत ईपीएसजी 32643. बडोदा आणि बेळगावही याच पट्ट्यात. ग्वाल्हेर आणि हैदराबादच्या मंडळींनी मात्र 44, म्हणजे 32644 घ्यावा.

दुसरी चूक नव्या माणसाची ठरलेली. आपण आधी अक्षांश सांगतो, संगणक आधी रेखांश मागतो. उलटे भरले तर राजवाडा नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतो.

आता मुख्य युक्ती. अरुंद गल्लीत मोबाइलचा जीपीएस सहज दहा-पंधरा मीटर चुकतो. विहिरीच्या बाबतीत एवढी चूक म्हणजे शेजाऱ्याचे घर. म्हणून आठवणीतली अंतरे दोन ठिकाणांपासून विचारायची. ओट्यापासून किती पावले? तुळशीवृंदावनापासून किती? दोन्हींभोवती वर्तुळे काढली की ती दोन जागी छेदतात. त्यातली एक बहुधा रस्त्यात किंवा भिंतीपलीकडे जाते, उरते ती आपली.

कोणाच्या ट्रंकेत जुना नकाशा सापडला तर सोन्याहून पिवळे. तो सरळ वरून स्कॅन करायचा आणि जिओरेफरन्सर वापरून आजच्या नकाशावर बसवायचा. त्यासाठी दोन्हीकडे दिसणाऱ्या पक्क्या खुणा लागतात, जसे राजवाड्याचे प्रवेशद्वार किंवा कृष्णपुऱ्याच्या छत्र्या. गांधी हॉल 1904 चा, तेव्हा नकाशा त्याआधीचा असेल तर तो त्यात शोधू नका. झाड किंवा नदीचे वळण खूण म्हणून घेऊ नये, ती सरकतात. तीन खुणांवर काम होते, पण आठ-दहा घ्याव्यात, आणि त्या चारही कोपऱ्यांत पसरलेल्या हव्यात. थिन प्लेट स्प्लाइन ही रीत वापरली तर चूक शून्य दाखवते, त्यावर भाळू नका. ती कागद ताणून प्रत्येक खूण बसवतेच, मग चुकीची खूणही लपून जाते. आधी पॉलिनॉमियल 1 वापरा आणि कोणती खूण फटकून आहे ते पाहा.

माहिती शेपफाइलमध्ये ठेवू नका. त्यात रकान्याच्या नावाला दहाच बाइट मिळतात आणि देवनागरीचे एक अक्षर तीन बाइट खाते, म्हणजे तीन अक्षरांत नाव संपले! जिओपॅकेज घ्या, एकाच फाइलीत सारे मावते. प्रत्येक विहिरीपुढे चार गोष्टी लिहा : कोणी सांगितले, कोणत्या काळातली आठवण, स्वतः पाहिली की ऐकली, आणि खात्री किती. खात्रीची विहीर गडद निळी, ऐकीव फिकट.

एका वाड्यात आजोबा म्हणाले विहीर परसात, आजी म्हणाल्या माजघरामागे. दोघांचा वाद रंगला. मी दोन्ही ठिपके ठेवले. पुढे त्यांच्याच घराच्या कागदपत्रांत वाटणीचा नकाशा निघाला, तो बसवून पाहिला, तर आजी बरोबर! आजोबा हसून म्हणाले, "पाणी कोण भरत होते ते आता कळले." पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्याच जागी त्यांचा नातू हजार लिटरची पाण्याची टाकी बसवणार होता. ती आता दुसऱ्या भिंतीशी बसली आहे.

हा नकाशा आम्ही कोणाच्या घराच्या परवानगीशिवाय बाहेर देत नाही. पण घरातल्यांना तो ठाऊक हवाच. माझी विनंती एवढीच : या दहा दिवसांत आरतीनंतर घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाजवळ कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि विचारा, "आपली विहीर कुठे होती?" पावले मोजा, दोन ठिकाणांपासून मोजा, लिहून ठेवा. संगणकाचे काम आम्ही करू, तो थांबायला तयार आहे. सांगणारी माणसे मात्र दर गणपतीला थोडी कमी झालेली दिसतात.

गणपती बाप्पा मोरया!