परक्या मांडवांतलें गाणें

१९७५ सालच्या डिसेंबरची ६ तारीख. अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरानजीक पाँटिऍक येथें त्याच वर्षीं उघडलेल्या एका प्रचंड क्रीडागृहांत पाऊण लाखाहून अधिक माणसें जमलीं होतीं. इंग्लंडांतील ‘द हू’ या विख्यात रॉक-मंडळाचा जलसा ऐकण्यासाठीं हा समुदाय लोटला होता. पदरचे पैसे मोडले ते त्या मंडळासाठीं, वाट पाहिली ती त्या मंडळाची. परंतु रंगपीठावर प्रथम आले ते दुसरेच कोणी. जमेका बेटांतून आलेले टूट्स हिबर्ट आणि त्यांचे साथीदार ‘मेटल्स’ आधीं गाणार आणि ‘द हू’ नंतर, असा त्या दौऱ्याचा क्रम ठरलेला होता.

टूट्स हिबर्ट हे कोणी नवशिके गायक नव्हते. त्यांचा गळा लहानपणीं प्रार्थनामंदिरांतील गायनानें घडलेला होता, आणि ऑटिस रेडिंग या थोर अमेरिकन गायकाच्या गळ्याशीं जाणकार त्याची तुलना करीत. १९६८ सालच्या त्यांच्या एका गीतानें तर या संगीताचें ‘रेगे’ हें नांवच रूढ केलें असें मानतात. (मराठी कानाला हें नांव आडनांवासारखें लागेल, परंतु कोंकणांतील रेग्यांशीं त्याचें कांहीं एक नातें नाहीं.) असें असूनहि त्या दौऱ्यांत ‘द हू’च्या चाहत्यांनीं या पाहुण्यांचें स्वागत थंडपणानेंच केलें, कित्येकांनीं हुर्योहि उडविली. अमेरिकेंत रेगे संगीताचा जम बसावा म्हणून जी एक मोठी संधि म्हणून मानली गेली होती, ती अशी हातची गेली.

या कौलाचा विचार करूं लागलें म्हणजे एक प्रश्न प्रथम पुढें येतो. तें गाणें ऐकून नापसंत ठरलें, कीं ऐकण्यापूर्वींच?

इकडील संगीतसभांतहि उमेदीचा गवई आधीं गातो आणि ज्येष्ठ गवई शेवटीं. परंतु दोघांचे राग निराळे असले तरी सूर, ताल आणि श्रोत्यांच्या कानाची सवय एकच असते. पहिल्याच्या गाण्यानें दुसऱ्याच्या गाण्याची भूक वाढते. रॉकच्या जलशांत तसें नाहीं. तेथें आरंभीं गाणारा ताफा म्हणजे बहुधा यजमान मंडळाच्या मर्जींतला, नाहीं तर ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या व्यापाऱ्याच्या सोयीचा पाहुणा. त्याला वेळ थोडा, प्रकाश बेताचा, आणि ध्वनिवर्धकांचें पुरतें बळ पुष्कळदां मुख्य मंडळासाठीं राखून ठेवलेलें. लोक अजून आपापल्या जागा शोधीत असतात, बीअरचे पेले सांभाळीत येत असतात, लांबच्या मित्रांना हाका घालीत असतात. अशा गलबल्यांत ज्याला गावयाचें त्याचें गाणें निदान ओळखीचें तरी असावें लागतें. रेगे ओळखीचें नव्हतें.

शिवाय या संगीताची घडणच अशी कीं, रॉक ऐकणाऱ्याचा पाय हमखास चुकावा. चार मात्रांचें आवर्तन दोहोंकडे सारखेंच. परंतु रॉकमध्यें पहिल्या मात्रेवर मोठ्या ढोलाचा ठोका बसतो आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रांवर लहान ढोलाचा फटका. रेग्याच्या ज्या ठेक्याला ‘वन ड्रॉप’ म्हणतात त्यांत पहिली मात्रा वादक मोकळी सोडतो आणि सारा भार तिसरीवर टाकतो. तबला ऐकणाऱ्यांच्या भाषेंत बोलावयाचें तर सम रिकामी आणि आघात कालावर! गिटार तुटक तुटक आघात करून बाजूला होते, आणि गीताला खांद्यावर वाहून नेतो तो खालच्या सप्तकांतला बास. ज्याला ती मोकळी जागा भावली तो डोलूं लागतो. ज्याला पहिल्या मात्रेवर ठोका हवा, त्याला हें गाणें सारखें सुरू व्हावयाचेंच राहिलें आहे असें वाटतें. संथ आहे, सारीं गाणीं एकसारखीं आहेत, शब्द कळत नाहींत, असे रॉकच्या श्रोत्यांचे नेहमींचे आक्षेप. त्यांतील पहिले दोन या रिकाम्या समेंतून निघाले आणि तिसरा जमेकाच्या बोलींतून. हे आक्षेप अगदींच खोटे होते असें नव्हे. प्रचंड क्रीडागृहांत तर प्रतिध्वनि घुमतो, आणि ज्या संगीताचें सौंदर्यच दोन आघातांमधील शांततेंत आहे त्याची ती शांतताच प्रतिध्वनीनें भरून जाते. म्हणजे रेगे म्हणून जें कानीं पडलें तें रेगे नव्हेच, असेंहि त्या श्रोत्यांच्या बाजूनें म्हणतां येईल.

ही अडचण व्यापाऱ्यांना ठाऊक नव्हती असें नाहीं. बॉब मार्ले, पीटर टॉश आणि बनी वेलर यांच्या ‘वेलर्स’ मंडळाची ‘कॅच अ फायर’ ही ध्वनिमुद्रिका १९७३ सालीं आयलंड कंपनीचे ख्रिस ब्लॅकवेल यांनीं काढली, तेव्हां जमेकांत झालेल्या मुद्रणावर लंडनमध्यें रॉक-वादकांकडून गिटारीचे व पेटीजातीच्या वाद्यांचे जादा सूर चढविण्यांत आले. तिखट पदार्थावर तुपाची धार धरावी तसा हा प्रकार. त्याच वर्षींच्या जुलईंत न्यूयॉर्कच्या ‘मॅक्सेस कॅन्सस सिटी’ या लहानशा क्लबांत वेलर्स आधीं गायले आणि त्यांच्यानंतर ब्रूस स्प्रिंगस्टीन नांवाचा एक तरुण, ज्याला त्या वेळीं फारसें कोणी ओळखत नव्हतें. बनी वेलर या दौऱ्यावर आले नाहींत. त्यांची जागा घेतली ती जो हिग्ज यांनीं, ज्यांनीं या तिघांना गाणें शिकविलें होतें. शिष्यांच्या मंडळांत गुरूनें साथीला उभें राहावें, हा प्रसंग इकडील रसिकांना सहज समजेल.

लहान क्लबांत गाणाऱ्याचें तोंड दिसतें, बास छातींत उतरतो. परंतु त्याच शरद्ऋतूंत ‘स्लाय अँड द फॅमिली स्टोन’ या गाजलेल्या मंडळापुढें वेलर्सना उभें करण्यांत आलें, आणि मोजक्याच कार्यक्रमांनंतर त्यांना दौऱ्यांतून काढून टाकण्यांत आलें. लास व्हेगास शहरीं ते अक्षरशः वाऱ्यावर पडले. कां काढलें याविषयीं दोन मतें आहेत. श्रोत्यांशीं त्यांचें जुळलें नाहीं असें एक मत. पाहुणेच यजमानाहून भारी ठरूं लागले होते असें दुसरें. तेच जलसे, तींच गाणीं, आणि आठवणी मात्र अशा परस्परविरुद्ध! श्रोत्यांच्या मताला पुरावा म्हणून किती किंमत द्यावी, याचा हा चांगला मासला आहे. तेथून हीं मंडळी कॅलिफोर्नियांत गेलीं आणि ३१ ऑक्टोबरला सॉसॅलिटो येथील एका मुद्रणगृहांतून सॅन फ्रॅन्सिस्कोच्या केसॅन या नभोवाणी-केंद्रासाठीं गायलीं. तेथें समोर मूठभर माणसें होतीं आणि दुसऱ्या कोणाची वाट पाहणारा एकहि श्रोता नव्हता. त्या गायनाचा मोठा भाग १९९१ सालीं ध्वनिमुद्रिकारूपानें बाहेर आला आणि आजहि तो आवडीनें ऐकला जातो.

यजमान मंडळांची आवड मात्र त्यांच्या श्रोत्यांच्या पुढें होती, हें कबूल केलें पाहिजे. रोलिंग स्टोन्स या मंडळानें १९७२ सालच्या अखेरीस जमेकाच्या किंग्स्टन शहरीं राहून आपल्या एका ध्वनिमुद्रिकेचें बरेंच काम केलें होतें. पुढें पीटर टॉश वेलर्समधून निघाले, तेव्हां स्टोन्सनीं त्यांना आपल्या कंपनींत घेतलें आणि १९७८ सालच्या अमेरिकेच्या दौऱ्यांत आपल्या आधीं गाण्यास उभें केलें. टॉश यांच्याबरोबर स्लाय डनबार व रॉबी शेक्सपिअर ही ढोल-बासची जोडी होती. जमेकांत तिच्या तोडीची जोडी क्वचितच झाली असेल. तरीहि स्टोन्सच्या नांवाचा घोष करणाऱ्या तरुणांना टॉश यांचें रोखठोक, बहुधा अन्यायाविषयींचें गाणें लांबलेलें वाटे. अशा वेळीं मिक जॅगर स्वतः रंगपीठावर येत आणि ‘डोंट लुक बॅक’ हें गीत दोघे मिळून गात. मग टाळ्यांचा कडकडाट होई. त्या टाळ्या कोणासाठीं होत्या हें सांगावयास नकोच. पण यजमान पाहुण्याच्या पंगतीस येऊन बसला म्हणजे इतरांनाहि ताटाकडे पाहावें लागतें, एवढें त्यांतून खरें झालें.

इंग्लंडांत गोष्ट वेगळी घडली. लंडनमधील ‘रॉक्सी’ क्लबांत १९७७ सालच्या आरंभीं पंक नांवाचें नवें, कर्कश आणि रागीट रॉक ऐकण्यास तरुण जमत. दोन मंडळांच्या मधल्या वेळांत तबकड्या लावण्याचें काम डॉन लेट्स या जमेकन आईबापांच्या तरुणाकडे होतें. पंकच्या तबकड्या तोंवर निघाल्याच नव्हत्या म्हटलें तरी चालेल. तेव्हां त्यानें आपल्या घरच्या रेग्याच्या तबकड्या लावल्या. कोणाचा वेळ हिरावून घेतला गेला नाहीं, कोणाच्या लाडक्या मंडळाची वाट अडली नाहीं. पंकचे श्रोते रेग्याकडे वळले त्याचें बरेंचसें श्रेय या मधल्या रिकाम्या वेळाला द्यावें लागेल. पुढें याच गोटांतील ‘क्लॅश’ मंडळानें ज्युनिअर मर्विन यांचें रेगे-गीत आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेंत गायिलें.

या वाटेनें बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागांतील ‘स्टील पल्स’ हें मंडळ पंकच्या जलशांत आरंभीं गाऊं लागलें. त्यांची अवस्था मोठी चमत्कारिक होती. ते रास्ताफारी पंथाचे म्हणून त्यांच्याच गांवच्या कॅरिबियन क्लबांनीं प्रथम त्यांना दार उघडलें नाहीं. आणि ज्यांनीं उघडलें त्या पंकवाल्यांचा रिवाज असा कीं, आवडत्या गायकावर थुंकावयाचें! नवख्या माणसानें हा मान समजावा कीं अपमान? रंगपीठावर उभ्या असलेल्या कृष्णवर्णी गायकाला तर हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नव्हता. नॅशनल फ्रंट हा वर्णद्वेष्टा पक्ष त्या वर्षांत इंग्लंडच्या रस्त्यांवरून मिरवणुका काढीत होता. एरिक क्लॅप्टन यांनीं मार्ले यांचें ‘आय शॉट द शेरिफ’ गाऊन १९७४ सालीं अमेरिकेंत पहिला क्रमांक मिळविला होता. त्याच क्लॅप्टन यांनीं १९७६ सालच्या ऑगस्टमध्यें बर्मिंगहॅमच्या जलशांत परदेशांतून आलेल्या लोकांविरुद्ध भाषण केलें. त्याला उत्तर म्हणून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ निघाली. ३० एप्रिल १९७८ रोजीं हजारों तरुण ट्रॅफल्गर चौकांतून पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया उद्यानापर्यंत चालत गेले आणि तेथें क्लॅश, टॉम रॉबिन्सन यांचें मंडळ व स्टील पल्स यांना त्यांनीं एकाच रंगपीठावर ऐकलें. डेट्रॉइटच्या श्रोत्यापेक्षां या श्रोत्याचा कान कांहीं अधिक तयार नव्हता. परंतु गाणारे कशाविषयीं गात आहेत हें त्याला घराबाहेर पडल्यावर रोज दिसत होतें, आणि म्हणून संथ ठेक्याचा त्यानें कंटाळा केला नाहीं.

त्यानंतर मार्ग सोपा झाला. १९८० सालीं ‘प्रिटेंडर्स’ या मंडळानें बर्मिंगहॅमच्याच ‘यूबी-४०’ मंडळाला आपल्या दौऱ्यावर आधीं गाण्यास बोलावलें आणि त्यांची पहिलीच तबकडी ब्रिटिश यादींत चौथ्या क्रमांकापर्यंत गेली. या मंडळांत गोरे व कृष्णवर्णी दोघेहि होते. ‘पोलीस’ मंडळाचे तिघेहि गोरे. त्यांनीं रेग्याचा ठेका रॉकमध्यें मिसळून जगभर यश मिळविलें, आणि १९८० च्या मार्चमध्यें तें मंडळ मुंबईसहि गाऊन गेलें. टूट्स यांची हुर्यो उडविणारा प्रत्येक जण वर्णद्वेष्टा होता असें म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु जो ठेका एका तोंडून संथ आणि कंटाळवाणा, तोच दुसऱ्या तोंडून नवा आणि चतुर वाटला, तर दोष सर्वस्वीं ठेक्याचा नव्हता हेंहि उघड आहे.

बॉब मार्ले यांना गोऱ्या श्रोत्यांनीं अखेर जवळ केलें. १९८० च्या जूनमध्यें इटलींतील मिलान शहरीं सुमारें एक लाख लोक केवळ त्यांना ऐकण्यास आले. उणीव राहिली ती दुसऱ्याच ठिकाणीं. ज्यांच्यासाठीं आपण गातों असें त्यांना वाटे त्या अमेरिकेंतील कृष्णवर्णी लोकांनीं त्यांना फारसें ऐकलें नव्हतें. त्या समाजाचीं नभोवाणी-केंद्रें रेगे क्वचितच लावीत. म्हणून या जगन्मान्य गायकानें पुन्हां एकदां दुसऱ्याच्या आधीं गाण्याचें पत्करलें. १९ व २० सप्टेंबर १९८० रोजीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें ‘कॉमोडोर्स’ या मंडळाआधीं ते उभे राहिले. कॉमोडोर्स हें रॉकचें मंडळ नव्हे. त्यांचे श्रोते नृत्याच्या ठेक्याचे आणि गोड प्रेमगीतांचे भोक्ते. परंतु मार्ले यांच्यानंतर पुष्कळ लोक उठून गेले, असें त्या रात्रींविषयीं सांगतात. आधीं गाणाऱ्याला याहून मोठी पावती कोणती मिळावयाची?

त्या वेळीं त्यांच्या शरीरांत कर्करोग पसरलेला होता. २१ तारखेस सेंट्रल पार्कमध्यें धांवतांना ते कोसळले. २३ सप्टेंबरला पिट्सबर्ग येथील स्टॅन्ले थिएटरांत ते शेवटचें गायले. त्या रात्रीं तिकिटें त्यांच्याच नांवावर विकलीं गेलीं होतीं.