गाठोडे आणि त्याची घडी



जुन्या जनरल रजिस्टरांची छायाचित्रे कधी कधी एकाच फायलीत बांधून शाळेकडे येतात आणि तिच्या नावाअखेर ‘टार’ व ‘जीझेड’ अशी अक्षरे असतात. ती चटकन उघडली नाही, की फाईल बिघडली असे समजून पुसून टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा. एखाद्याच्या जन्मतारखेचा तोच अखेरचा पुरावा असू शकेल.

ही रीत युनिक्स प्रणालीची. १९७९ साली तिच्या सातव्या आवृत्तीत ‘टार’ आले. चुंबकीय फितीवर दप्तर उतरविण्यासाठी ते योजलेले होते. टार फायली केवळ एकत्र बांधते, लहान करीत नाही. दाबण्याचे काम ‘जीझिप’चे, ते ज्याँ-लू गैयी व मार्क ॲडलर यांनी १९९२ मध्ये सिद्ध केले. म्हणजे कपडे आधी गाठोड्यात बांधले व मग ते गाठोडेच दाबून बसविले. आपल्या परिचयाच्या ‘झिप’मध्ये प्रत्येक कपडा वेगळा दाबलेला असतो, म्हणून हवा तो एकटा काढता येतो, येथे गाठोडे आरंभापासून सोडवीत जावे लागते. (छायाचित्रे मुळातच दाबलेली असल्याने त्यांचा आकार यात फारसा घटत नाही, हे जाता जाता सांगतो.)

विंडोज ११ मध्ये २०२३ पासून अशी फाईल थेट उघडता येते. विंडोज १० मध्ये २०१८ पासून ‘टार’ ही आज्ञा अंतर्भूत आहे. सेव्हन-झिप वापरल्यास पहिल्या खेपेला केवळ एक ‘टार’ फाईल हाती येते. पुष्कळ जण येथेच थांबतात! ती पुन्हा उघडावी, म्हणजे चित्रे मिळतील.

गाठोडे नेहमी नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये सोडावे. अन्यथा शेकडो फायली डेस्कटॉपभर विखुरतात. दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. युनिक्स इंग्रजीतील मोठी व लहान अक्षरे भिन्न मानते, विंडोज सहसा मानीत नाही. त्यामुळे तेथे वेगळी असलेली दोन नावे येथे एक ठरून एका चित्रावर दुसरे चित्र लिहिले जाऊ शकते. म्हणून चित्रांची संख्या रजिस्टरच्या पृष्ठांशी ताडून पाहावी आणि ती जुळेपर्यंत मूळ फाईल हलवू नये.