गिटारची खरखर : हातची आणि संगणकाची



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावर विद्युत गिटारचा विषय निघावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्या घरात गिटार शिकणारे मूल आहे, तेथे हा प्रश्न आज ना उद्या दाराशी येतोच. गिटारच्या स्वच्छ सुराला खरखरीत, फाटका, भारदस्त बाज देणारे साधन मुलाला हवे असते. ते लॅपटॉपवर सॉफ्टवेअर लिहून साधावे, की सुटे भाग जोडून पायाने दाबायचे पेडल घरीच करावे? पालकांना पहिला मार्ग स्वच्छ व शहाणपणाचा वाटतो. दुसऱ्यात अभ्यासाच्या टेबलावर कथलाचे डाग तेवढे दिसतात.

ही खरखर मुळात बिघाडातून जन्मली. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू असताना यंत्रणेतील एक भाग नादुरुस्त झाला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या बास गिटारचा सूर फाटून उमटला. 1961 मध्ये गाणे प्रसिद्ध झाले, ते त्या फाटक्या सुरासह. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तो दोष मुद्दाम घडवून आणणारे मंडल रचले. 1962 मध्ये ते ‘मायस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आले. आरंभी त्याला फारसे कोणी विचारीना. 1965 मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिसफॅक्शन’ने ते घरोघरी ऐकवले.

पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये ‘फझ फेस’ हे पेडल निघाले. जिमी हेन्ड्रिक्स यांच्यामुळे नावारूपाला आलेल्या या पेडलच्या पोटात दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन फिरत्या खुंट्या आणि नऊ व्होल्टची बॅटरी, इतकाच ऐवज! दिल्लीचे लाजपतराय मार्केट, बंगळुरूचा एस. पी. रोड किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड येथे तासभर हिंडल्यास यातील बहुतेक भाग हाती लागतात. जुने जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर तेवढे दुर्मिळ झाले असून ते लहरीही असतात. उष्णता वाढली की त्यांतून प्रवाह गळू लागतो आणि सकाळी गोड वाजलेले पेडल दुपारच्या उन्हात रुसते.

सॉफ्टवेअरमध्ये हा लहरीपणा नाही. तेथे सुराचे सेकंदाला 44,100 नमुने घेतले जातात. प्रत्येक नमुना म्हणजे एक आकडा, आणि ठरावीक मर्यादेपलीकडचा आकडा कापला की सूर फाटतो. वाचायला हे दोन ओळींचे काम वाटते, पण तसे ते नाही. कापलेल्या सुरातून नवे उच्च स्वर निर्माण होतात. 22,050 हर्ट्‌झच्या वरचे स्वर या नमुन्यांत मावत नाहीत. ते उलटून खालच्या पट्टीत येतात आणि बेसूर किणकिणतात. म्हणून आधी नमुन्यांची संख्या चौपट किंवा आठपट करायची, मग कापायचे, मग वरचे स्वर गाळायचे आणि शेवटी संख्या पूर्ववत आणायची. हे सारे काही मिलिसेकंदांत आटोपले पाहिजे, नाहीतर तार छेडल्यावर सूर मागाहून येतो आणि वाजवणाऱ्याचा ताल सुटतो. त्रिकोणमिती कशासाठी शिकायची, असे विचारणाऱ्या मुलाला याहून चांगले उत्तर क्वचितच मिळेल.

तरीही एक गोष्ट संगणकाच्या हातून निसटते. ‘फझ फेस’ गिटारचा सूर नुसता ऐकत नाही, तो गिटारमधून प्रवाह ओढतो. गिटारच्या पिकअपमधील तारेचे वेटोळे आणि पेडलचा पहिला ट्रान्झिस्टर मिळून एकच मंडल बनते. त्यामुळे गिटारवरची आवाजाची खुंटी जराशी उतरवली, की खरखर विरते आणि सूर काचेसारखा स्वच्छ होतो. संगणकाला जोडणारी पेटी मात्र गिटारवर भार न टाकता सूर टिपते. तिच्यामागचे समीकरण कितीही अचूक असले, तरी ही ओढाताण आधीच हरवलेली असते. ती गणितात परत आणायची, तर गिटारचेही गणित मांडावे लागते. असे प्रयत्न झाले आहेत, होत आहेत. पण ज्याने ते मंडल हाताने जोडून ती खुंटी एकदा फिरवून पाहिली नाही, त्याला काय हरवले हे कळावे कसे?

म्हणून दोन्ही मार्ग मोकळे ठेवावेत, पण आरंभ हाताने व्हावा. संगणकावर एका संध्याकाळी वीस मंडले मोडून मांडता येतात. ती सोय नंतरही आहेच. नऊ व्होल्टच्या बॅटरीचे भय नाही. घरच्या विजेवर चालणारा पुरवठा मात्र मुलांनी स्वतः करू नये. सोल्डरिंगच्या सळईचे टोक तीनशे अंशांच्या पुढे तापते, तेव्हा खिडकी उघडी असावी, जवळ मोठे माणूस असावे आणि काम झाल्यावर हात धुवावेत.

आणि पेडल पहिल्या फटक्यात वाजले नाही, तर त्याच क्षणी नवे विकत आणून देऊ नये. बहुधा एखादा डाख नीट धरलेला नसतो किंवा ट्रान्झिस्टरचे पाय उलटे लागलेले असतात. मुलाच्या हाती मल्टीमीटर द्यावा. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर बॅटरीच्या निम्मा, म्हणजे साडेचार व्होल्टच्या आसपास दाब मिळायला हवा. तो मिळेपर्यंत जेवण थोडे लांबले तरी चालेल.