जळजळ थांबली, म्हणजे बरे झाले काय?

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात थळ मुक्कामी एका सेवानिवृत्त शिक्षकाने दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, विवाहखर्च, ज्ञातीची एकजूट अशा विषयांवर उद्बोधक भाषणे होत असतात. मी आज अन्ननलिकेविषयी बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलेला प्राथमिक शाळेचा मास्तर आहे. परंतु या विषयाची फी मी फार जबर भरली आहे, म्हणून बोलण्याचे धाडस करतो.

आपल्या घरांत छातीतील जळजळीला कोणी रोग मानीत नाही. रात्री उशिरा तांदळाची भाकरी आणि तिखट कालवण, थंडीत शेतावरची पोपटी, लग्नसराईत मध्यरात्रीच्या पंगती. जेवून उठावे आणि लागलीच अंथरुणावर आडवे व्हावे. मग आंबट पाणी घशाशी येते. ‘पित्त झाले’ असे म्हणून आपण चिमूटभर खाण्याचा सोडा पाण्यातून घेतो, ढेकर येते आणि विषय संपतो. माझ्या बाबतीत हा विषय वीस वर्षे रोज रात्री संपत होता!

या जळजळीने आत काय घडते, ते आपल्या भागातील माणसाला समजावून सांगणे कठीण नाही. आपण खारजमिनीची माणसे. समुद्र आणि भातशेत यांच्यामध्ये बांध असतो. बांध शाबूत आहे तोवर शेत गोडे राहते. बांधाला खांड पडली आणि भरतीचे पाणी वर्षानुवर्षे आत येत राहिले, की भात मरतो आणि त्याच जागी तिवरे उगवतात. कारण खारे पाणी सोसण्याची शक्ती तिवरांत असते, भातात नसते.

आपली अन्ननलिका सुमारे 25 सेंटिमीटर लांबीची आहे. तिच्या खालच्या टोकाशी स्नायूंचे एक कडे असते. तोच हा बांध होय. घास उतरताना ते उघडते व पुन्हा मिटते. जठरातील आम्ल तीव्र असते. त्यापासून जठराचे रक्षण करण्यास आतून चिकट श्लेष्माचा लेप असतो. अन्ननलिकेस तसा लेप नाही. तिचे अस्तर गालाच्या आतील त्वचेसारखे, चपट्या पेशींच्या थरांचे आहे. कडे सैल झाले, म्हणजे आम्ल वर येऊन ते अस्तर भाजते. असे वर्षानुवर्षे होत राहिले, की काही जणांच्या शरीरात चपट्या पेशी जाऊन त्यांच्या जागी आतड्यातील पेशींसारख्या उभट पेशी येतात. शेतात तिवरे आली ती अशी!

लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील शल्यविशारद नॉर्मन बॅरेट यांनी 1950 साली अशा अस्तराचे वर्णन केले. त्या वेळी त्यांचा समज असा होता, की हा वर ओढला गेलेला जठराचाच भाग असावा. 1953 साली ॲलिसन व जॉनस्टन या दोघांनी ही अन्ननलिकाच असल्याचे दाखविले, आणि 1957 साली बॅरेट यांनी आपले मत बदलले. तरी या विकाराला आजही त्यांचेच नाव आहे. चूक कबूल करण्याने मोठ्या माणसाचे नाव पुसले जात नाही, हा धडा मास्तर या नात्याने मला विशेष वाटतो. माझी चूक मी आता आपणांसमोर कबूल करतो.

माझे थोरले चुलतबंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, त्यांना घास छातीत अडकू लागला. दादांना तंबाखूची सवय होती. गावात पत्र वाचण्यापासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत सर्व काही मास्तरांना विचारण्याची रीत; त्याप्रमाणे त्यांनी मला विचारले. मी म्हणालो, “दादा, पित्त आहे. सोडा घ्या.” माझ्याच घरातील सोड्याची पुडी मी त्यांच्या हाती दिली. सहा महिने गेले. भात उतरेनासा झाला, मग पेजही उतरेना. मुंबईस नेले तेव्हा अन्ननलिकेचा कर्करोग फार पुढे गेला होता. दादा गेले. वहिनींनी मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. म्हणूनच ती पुडी मला आजही आठवते.

इकडे माझी स्वतःची जळजळ त्याच सुमारास कमी झाली होती. मला वाटले, आपण बरे झालो. पुढे एके दिवशी मलाही भाताचा घास अडकला, तेव्हा दादा डोळ्यांपुढे उभे राहिले आणि मी दुर्बिणीची तपासणी करून घेतली. घसा बधिर करून नळी आत घालतात. काही मिनिटांचे काम आहे. अस्तर बदललेले आढळले. तुकडा तपासला, सुदैवाने त्यात कर्करोगाची पूर्वचिन्हे नव्हती. डॉक्टर म्हणाले, “गुरुजी, नवे अस्तर आम्ल सोसते, म्हणून तुम्हांला जळजळ कमी वाटली. रोग गेला नव्हता.”

मंडळी, माझ्या भाषणाचे सार या एका वाक्यात आहे. दुखणे गप्प झाले म्हणून ते गेले, असे धरून चालू नये. आपल्या माधवनिदानातही अम्लपित्ताविषयी सांगितले आहे, की नवा विकार प्रयत्नाने बरा होतो, पण जुना झालेला बहुधा आटोक्यात ठेवावा लागतो.

कोणी भयभीत होऊ नये. जळजळ असलेल्या बहुतेकांचे अस्तर बदलत नाही. ज्यांचे बदलते, परंतु पूर्वचिन्हे नसतात, अशा दोनशे जणांत वर्षाला एकालाही कर्करोग होत नाही. म्हणून दर तीन ते पाच वर्षांनी तपासणी करतात. पूर्वचिन्हे दिसलीच, तर तो भाग दुर्बिणीतूनच जाळता किंवा काढता येतो. आपल्या देशात अन्ननलिकेचा कर्करोग अधिक करून दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे चपट्या पेशींचा होतो. त्याला तंबाखू आणि दारू कारण होतात. तेव्हा आम्लाची काळजी घ्यावयाची आणि दातांना मिश्री लावावयाची, हे शहाणपण नव्हे.

करावयाचे ते साधे आहे. निजण्यापूर्वी तीन तास जेवण उरकावे. खाटेच्या उशाकडील पायांखाली सहा ते आठ इंचांचे ठोकळे द्यावेत. नुसत्या उशा वाढवून भागत नाही. डाव्या कुशीवर निजावे. पोटाचा घेर वाढू देऊ नये. जळजळ वर्षानुवर्षे असेल, विशेषतः पन्नाशी उलटलेल्या पुरुषांनी, डॉक्टरांस विचारून एकदा दुर्बिणीची तपासणी करावी. घास अडकणे, वजन घटणे, रक्ताची उलटी, काळी शौचास होणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी निघावे. आणि छातीतील जळजळीबरोबर घाम सुटला किंवा हात भरून आला, तर तो हृदयविकार असू शकतो. तेथे सोड्याची पुडी शोधीत बसू नये.

शेवटी एकच विनंती. आपल्या घरातील वडील माणसे जेवताना घासागणिक पाणी पिऊ लागली, भाकरी टाळून पेज मागू लागली, तर ‘वय झाले’ असे म्हणून सोडून देऊ नका. त्यांच्या ताटाकडे लक्ष ठेवा. माझ्या दादांच्या ताटाकडे मी पाहिले असते, तर आज ते कदाचित पुढच्या रांगेत बसले असते.