शेजारी तगडा हवा



कुस्तीवर बोलायचं म्हटलं की आपल्याकडे बोलणं कोल्हापुरातून निघतं आणि फार तर हरियाणापर्यंत जाऊन परत येतं. आज जरा लांब जाऊ. उत्तर युरोपातले स्वीडन, फिनलंड, नॉर्वे आणि डेन्मार्क हे शेजारी देश आपापसांत नॉर्डिक अजिंक्यपदाची कुस्ती स्पर्धा भरवतात. अलीकडे एस्टोनिया, लाटविया, लिथुआनिया यांचे मल्लही त्यात उतरतात. आपल्या वर्तमानपत्रांत या स्पर्धेची चार ओळींची बातमीसुद्धा येत नाही. पण लोकसंख्येनं आपल्या एखाद-दुसऱ्या जिल्ह्याएवढ्या या देशांनी ऑलिम्पिक विजेते कसे घडवले, हे समजून घ्यायचं तर या शेजाऱ्यांच्या झटापटीकडेच पाहावं लागतं.

त्यांची आवडती कुस्ती ग्रीको-रोमन. तिच्यात कमरेखाली हात घालायचा नाही आणि पायाचा वापर करायचा नाही. म्हणजे पट काढणं बाद, टांग बाद, झोळी बाद. उरतं ते छातीला छाती भिडवून उचलणं आणि फेकणं. आपल्या पैलवानाला असं खेळायला सांगितलं, तर अर्धे डाव घरी ठेवून आल्यासारखं वाटेल!

आता थोडा इतिहास. फिनलंड शेकडो वर्षं स्वीडनच्या राज्यात होता. १८०९ साली तो रशियाच्या झारकडे गेला. एका शेजाऱ्याच्या हातून सुटून दुसऱ्याच्या हाती लागलेला हा देश १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये उतरला. संघ स्वतःचा होता, पण राज्य झारचं, त्यामुळे जिंकल्यावर निशाण चढायचं ते रशियाचं. फिनिश मल्लांच्या मनात काय खदखदत असेल, याचा अंदाज पारतंत्र्य भोगलेल्या आपल्या देशाला सांगायला नको.

त्या वर्षी ७५ किलो गटात शेवटच्या टप्प्यात दोन मल्ल समोरासमोर आले. एक फिनलंडचा आल्फ्रेड आसिकाइनेन. दुसरा मार्टिन क्लाइन. हा जन्मानं एस्टोनियन, पण एस्टोनियाही झारच्याच ताब्यात, म्हणून हा रशियाकडून खेळत होता. प्रजा दोघेही झारची, आणि रशियन मात्र दोघांतला एकही नाही. स्टेडियममध्ये उघड्यावर, जुलैच्या उन्हात कुस्ती लागली. अधूनमधून थोडा विसावा, पुन्हा पकड, पुन्हा खडाखडी. वेळेची मर्यादा नव्हती. आपल्याकडे पंचांनी कधीच हात वर करून बरोबरीत सोडवली असती. तिथं ती चालली ११ तास ४० मिनिटं! अखेर क्लाइननं आसिकाइनेनला चितपट केलं, पण त्याच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. सुवर्णपदकाच्या कुस्तीला तो उभाच राहू शकला नाही आणि सुवर्ण गेलं स्वीडनच्या क्लास योहान्सनकडे. दोघे झुंजले, तिसरा जिंकला.

त्याच स्पर्धेत ८२.५ किलोची अंतिम कुस्ती स्वीडनचा आन्डेर्स आल्ग्रेन आणि फिनलंडचा इवार बोलिंग यांच्यात झाली. नऊ तास उलटले तरी निकाल लागेना. पंचांनी सुवर्ण कुणालाच दिलं नाही, दोघांनाही रौप्य दिलं. एकूण पाच वजनी गट. तीन सुवर्णं फिनलंडला, एक स्वीडनला आणि एक कुणालाच नाही. बाकीच्या जगाला सुवर्णाजवळ या शेजाऱ्यांनी फिरकूच दिलं नाही.

पुढे फिनलंड स्वतंत्र झाला, कुस्तीला वेळेची मर्यादा आली, पण ही जोड काही सुटली नाही. १९३२ च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकमध्ये स्वीडनचा इवार योहान्सन फ्रीस्टाइलच्या ७९ किलो गटात जिंकला. पेशानं हा पोलीस. एक सुवर्ण घेऊन गप्प बसावं की नाही? यानं उपास केला, बाष्पस्नानं घेतली, वजन उतरवलं आणि काही दिवसांत ग्रीको-रोमनच्या ७२ किलो गटात उतरून तिथंही सुवर्ण मिळवलं. आणि दोन्ही वेळा रौप्यपदकावर कोण? फिनलंडचे मल्ल! एकदा लुक्को, एकदा कायान्देर.

१९४८ साली लंडनला ८७ किलो गटात स्वीडनच्या कार्ल-एरिक निल्सननं सुवर्ण जिंकलं आणि फिनलंडच्या केल्पो ग्रोन्दालला रौप्यावर समाधान मानावं लागलं. चार वर्षांनी हेलसिंकीत, आपल्या घरच्या आखाड्यात, ग्रोन्दालनं सुवर्ण घेतलं आणि निल्सन तिसरा आला. उसनं व्याजासकट फिटलं.

आणि इथंच आपला खाशाबा भेटतो. लंडनला ५२ किलो गटात कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव सहावे आले. त्या गटाचं सुवर्ण फिनलंडच्या लेन्नार्ट विताला यानं नेलं, कांस्य स्वीडनच्या थुरे योहान्सननं. मातीतून येऊन मॅटवर उभा राहिलेला आपला मल्ल अशा तयारीच्या माणसांमध्ये पडला होता. तरी चार वर्षांत तो सावरला. २३ जुलै १९५२ रोजी हेलसिंकीत ५७ किलो गटाचं कांस्यपदक खाशाबांच्या गळ्यात पडलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

हे सगळे हौशी मल्ल होते, म्हणजे चूल पेटायची ती दुसऱ्या कामावर. फिनलंडचा पहिला ऑलिम्पिक विजेता वेर्नर वेकमान हा इंजिनिअर. १९०८ साली लंडनला त्यानं अंतिम कुस्तीत आपल्याच देशाच्या सारेलाला हरवलं. पुढे तो फिनिश केबल कारखान्याचा प्रमुख झाला. हाच कारखाना १९६७ साली नोकिया कंपनीत विलीन झाला. तुमच्या-आमच्या खिशात एके काळी वाजणाऱ्या त्या फोनच्या वंशावळीत असा एक पैलवान बसला आहे!

मुलींच्या कुस्तीतही या टापूनं वाट पाडली. महिलांची पहिली जागतिक स्पर्धा १९८७ साली नॉर्वेतल्या लोरेनस्कोग इथं झाली. ऑलिम्पिकला महिला कुस्ती घ्यायला २००४ साल उजाडलं. स्वीडनच्या अगदी उत्तरेकडच्या येलिवारे या खाणगावातून योहाना आणि सोफिया मॅटसन या बहिणी आल्या. रिओत साक्षी मलिकची पहिली कुस्ती योहानाशी झाली आणि टोकियोत विनेश फोगाटची पहिली कुस्ती सोफियाशी. दोन्ही आपल्या मुलींनी जिंकल्या. पण एका खाणगावातल्या एकाच घरातून अशा दोघी निघाव्यात, ही गोष्ट लहान नाही.

मला सांगायचं आहे ते एवढंच, की पैलवान खुराकानं वाढतो, मेहनतीनं वाढतो, पण त्याला धार येते ती तोडीस तोड जोडीनं. ती जोड जवळ हवी, पुन्हा पुन्हा भेटायला हवी. हरलेल्याला परतफेडीची तारीख माहीत हवी.

आता आपल्याकडे पाहा. शाहू महाराजांनी खासबाग मैदान उभं केलं ते याच १९१२ साली. पंजाबचे मल्ल कोल्हापूरच्या आश्रयाला येत आणि त्यांच्याशी लढून आपले मल्ल तयार होत. फाळणी झाली आणि त्या पंजाबातला मोठा भाग परदेश ठरला. पाकिस्तानच्या मुहम्मद बशीरनं १९६० साली रोमला कांस्य जिंकलं, म्हणजे ताकद तिकडेही होतीच. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत मुहम्मद इनामनं अंतिम फेरीत आपल्या अनुज कुमारला हरवलं. २०२२ साली बर्मिंगहॅमला त्याच इनामला दीपक पुनियानं अंतिम फेरीत ३–० असं हरवलं. मधे गेली बारा वर्षं. एवढ्यात एका पैलवानाची सगळी उमेद संपते!

कुणी म्हणेल, स्वीडन आणि फिनलंड विसाव्या शतकात एकमेकांशी लढले नाहीत, आपल्यात आणि पाकिस्तानात चार युद्धं झाली. खरं आहे. म्हणून मी भाबडेपणानं हस्तांदोलनाची भाषा करणार नाही. पण नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका यांच्याशी तर आपली युद्धं झालेली नाहीत ना? २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत कुस्तीच्या १६ पैकी १४ सुवर्णपदकं आपण घेतली आणि खूश झालो. मला त्यात खूश होण्यासारखं काही दिसत नाही. दुबळ्या शेजाऱ्याला दर वेळी लोळवून आपल्या मल्लाच्या पदरात काय पडतं?

आपले वस्ताद तिकडे पाठवा, त्यांची पोरं आपल्या तालमींत ठेवून घ्या आणि सतरा वर्षांखालच्या मुलामुलींची स्पर्धा दरवर्षी ठरल्या महिन्यात भरवा, आलटून पालटून प्रत्येकाच्या देशात. दहा वर्षांनी काठमांडूच्या एखाद्या पोरानं आपल्या पैलवानाला अस्मान दाखवलं, तर हळहळू नका. आपल्या पुढच्या ऑलिम्पिक पदकाची तयारी त्या दिवसापासून सुरू झाली, असं समजा.